पावसाळ्यापूर्वी कुंड्यांची तयारी (गोवा): माती, भोकं, बुरशी, गोगलगायी

सांतिनेज_तिसरा_मजला
पणजीत फ्लॅटची बाल्कनी, पश्चिमेकडे तोंड, पत्रा अर्ध्यावरच. कुंड्या बहुतेक १० ते १२ इंची, प्लास्टिकच्या. मोगरा, अबोली, जास्वंद, कढीपत्ता, तुळस. आत हॉलमध्ये मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी. ग्रिलला दोन डेंड्रोबियम टांगलेली. नर्सरीतून आलेली माती म्हणजे निम्मी लाल माती, निम्मं शेणखत.
जुलैत दरवर्षी तेच. पानं पिवळी, बुंधा काळा, मातीला कुजका वास. तळाला खडी घालू? माती बदलू? की मेच्या शेवटी बाविस्टिन ओतून मोकळं होऊ?

चिरेबंदी
माती बदला. बाकीचं त्यानंतर.
आपली लाल माती म्हणजे चिऱ्याचीच (जांभ्या दगडाची) झीज. जमिनीत ती बरी वागते, कारण खाली निचरा असतो, गांडुळं असतात, मुळं वाटा करतात. कुंडीत घातली की पहिल्या दोन जोरदार सरींत बारीक कण तळाशी बसतात आणि चिखलाचा थर होतो. त्यात निम्मं शेणखत म्हणजे अजूनच बारीक. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पुण्या-नाशिकच्या व्हिडिओतलं मिश्रण इथे चालत नाही.

पावसाळी मिश्रण, मापाने (वजनाने नव्हे):
चाळलेली लाल माती २ घमेली
धुतलेलं कोकोपीट १ घमेलं
कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत १ घमेलं
चिऱ्याचे बारीक खडे, ३ ते ८ मिमी, २ घमेली

खडे मिळाले नाहीत तर क्रशरवरची ६ मिमी खडी चालेल, पण चाळून धुऊन घ्या. तिच्यातली भुकटी राहिली तर सिमेंटसारखी बसते. समुद्राची वाळू अजिबात नको, मीठ असतं. भाताचं तूस कोळसा करून घातलं तर उत्तम, एक घमेलं पुरे. मात्र राख होऊ देऊ नका: तूस काळं झालं की पाणी शिंपडून विझवायचं.

कोकोपीट भिजवून तीनदा पिळून धुवायचं. सोडणं (नारळाच्या साली) जिथे कुजत घालतात ते पाणी पुष्कळदा खारं असतं, ते मीठ कोकोपीटबरोबर येतं. धुवायलाही नळाचं पाणी वापरा. खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेताच्या) कडेच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात.

तपासणी सोपी: १२ इंची कुंडीत एकदा माती बसू द्या, मग दोन लिटर पाणी एकदम ओता. अर्ध्या मिनिटात वरचं पाणी जिरलं आणि मिनिटभरात खालून धार लागली तर ठीक. दोन मिनिटांनंतरही वर तळं दिसत असेल तर खडे वाढवा.

माळी_पेडणे
मिश्रण ठीक आहे. पण तळाला दोन इंच खडी हवीच. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करवंटीचे तुकडे आणि खडी घालतात, निचरा होतो.

चिरेबंदी
करवंटीचा तुकडा भोकावर पालथा घाला, माती वाहून जाणार नाही. त्याला विरोध नाही. दोन इंचाच्या थराला आहे.
बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण चिंब होईपर्यंत ते वरच अडून राहतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी असणारा चिखलाचा थर तुम्ही उचलून दोन इंच वर, थेट मुळांत आणता. कोणत्याही मिश्रणात तळाचा काही भाग असा कायम ओला राहतो. तो किती जाड, हे मिश्रण किती बारीक यावर ठरतं. म्हणून खडे मिश्रणात हवेत, तळाला नकोत. त्याच कारणाने पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी पावसात बरी.

माळी_पेडणे
मग आमची झाडं जगतात कशी?

चिरेबंदी
मातीच्या कुंडीत असतील आणि कुंडी चिऱ्यावर ठेवलेली असेल. मातीची कुंडी अंगातून सुकते, खालून हवा लागते. खडीचं श्रेय कुंडीला द्या.

कुळागर_फोंडा
खडीबाबत चिरेबंदींशी सहमत. बाविस्टिनबद्दल कोणी बोललं नाही, ते मी बोलतो.
बाविस्टिन म्हणजे कार्बेन्डाझिम. पावसाळ्यात मुळं कुजवणारे मुख्य गुन्हेगार पिथियम आणि फायटोफ्थोरा. या खऱ्या बुरशी नव्हेत, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारी वेगळीच जात. कार्बेन्डाझिमचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. उलट त्यांच्याशी झगडणाऱ्या चांगल्या बुरशी मरतात. गोव्यात दर दुकानदार तीच पुडी हातावर ठेवतो, लोकही आणतात.

ओळखायचं कसं: झाड हलकेच काढा, एक मूळ चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्याएवढा पांढरा तंतू उरला, तर पिथियमच समजा. आणखी एक खूण, माती ओली असताना दुपारी झाड मान टाकतं. लोक पाणी कमी पडलं समजून अजून ओततात आणि झाड संपतं.

प्रतिबंध: मेमध्ये माती भरताना ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीशी झगडणारी चांगली बुरशी. १० किलो ओलसर शेणखतात १०० ग्रॅम पावडर कालवून, गोणपाट झाकून सात-आठ दिवस सावलीत ठेवा, अधूनमधून वरखाली करा. हे खत मिश्रणात वापरा. नुसती पावडर कुंडीवर भुरभुरून काही होत नाही, तिला खायला सेंद्रिय खत लागतं.

लागण झाल्यावर: मुळं धुवा, तपकिरी लिबलिबीत भाग स्वच्छ कात्रीने कापा, वरचं झाड तिसऱ्या हिश्शाने छाटा, लहान कुंडीत ताज्या मिश्रणात लावा. खत नको. दहाबारा दिवस सावलीत. शोभेच्या झाडाला मेटॅलॅक्सिल-मँकोझेब मिश्र बुरशीनाशक, लिटरला २ ग्रॅम, मातीत ओता. कढीपत्ता, तुळस, मिरी यांना ते नको, तिथे कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम, आणि फवारल्यावर पाकिटावर लिहिलेले दिवस पानं खुडू नका.
तांबं आणि ट्रायकोडर्मा एकत्र नाही. मध्ये १५ दिवस सोडा.

वाळपई_रानवारा
बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) का नाही? घरी सगळ्यांना जमेल.

कुळागर_फोंडा
सुपारीच्या कोळेरोगासाठी (फळं कुजतात तो) तेच मारतो. मेच्या शेवटी, पाऊस लागण्याआधी पहिली फवारणी, ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून दुसरी. बाल्कनीसाठी १० लिटर:
मोरचूद १०० ग्रॅम, ५ लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत नाही.
कळीचा चुना १०० ग्रॅम, दुसऱ्या बादलीत थोड्या पाण्याने फुलवून ५ लिटर करायचा आणि फडक्यातून गाळायचा.
मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतायचं, काठीने ढवळत. उलट नाही. उलट केलं तर कण जाड पडतात आणि पानावर चिकटत नाहीत.
चकचकीत सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे, पानं जळतील. थोडा चुना अजून. थर येईनासा झाला की तयार. त्याच दिवशी संपवा.
कळीचा चुना जुना, हवा लागलेला असेल तर जास्त लागतो, म्हणून सुरीवर विश्वास ठेवा, वजनावर नाही.
फवारल्यावर चार-सहा तास पाऊस नको. पानावर चिकटावं म्हणून स्टिकर, लिटरला अर्धा ते एक मिली. कोवळ्या पालवीवर नको. आणि ऑर्किडांवर मुळीच नको.

अबोलीचो_वळेसर
अबोलीचं वेगळं सांगते. अबोली पावसात जाते ती फक्त पाण्याने नाही. मुळांत सूत्रकृमी (अतिबारीक जंत) शिरतात, त्या जखमांतून मर रोगाची बुरशी घुसते. झाड एका बाजूने पिवळं पडत जातं, फूल बारीक होतं. औषधाची बाटली शोधत बसू नका.

१० ते १२ इंची कुंडीला निंबोळी पेंड ५० ग्रॅम, मेच्या मध्यात, वरच्या तीन इंच मातीत मिसळून. जूनमध्ये घालू नका. चिंब मातीवर पेंडीला पांढरी बुरशी येते, वास सुटतो, माश्या जमतात. शेजारी एक-दोन झेंडू लावा, त्याच्या मुळांनी सूत्रकृमी कमी होतात. ज्या कुंडीत अबोली मेली त्या मातीत पुन्हा अबोली नको.
दरवर्षी नवीन रोपं करून ठेवणं मात्र सगळ्यात स्वस्त विमा. जुलैत ४ इंची शेंड्याची छाट, खालची पानं काढून, खडे-कोकोपीट निम्मं निम्मं, पिशवीचा तंबू. तीन-चार आठवड्यांत मुळं. बियांचे दाणे पिकून वाळले की ओल लागताच तडकून उडतात, ते गोळा करायचे तर कणसं वाळताना कागदी पिशवीत बांधा.

सांतिनेज_तिसरा_मजला
देव बरें करूं. मोगरा, जास्वंद, तुळस आणि आतली झाडं राहिली. शिवाय कुंडी बशीत ठेवू की नको? खालच्या मजल्यावर पाणी टपकतं म्हणून सोसायटीत कुरबुर चालू आहे.

चिरेबंदी
जून ते सप्टेंबर बशी नको, पण शेजाऱ्यांसाठी पसरट ट्रे ठेवा आणि कुंडी त्यात थेट न ठेवता दोन चिऱ्यांच्या तुकड्यांवर, तळ ट्रेपासून निदान दोन इंच वर. ट्रेतलं पाणी रोज ओता. डास झाले तर डेंगीच्या तपासणीला पालिकेची माणसं येतात, ती कुरबुर मोठी.

भोकं: १२ इंची कुंडीला तळाला १२ मिमीची चार-पाच, आणि कडेला तळापासून दोन सेंमी वर तीन-चार. बाजारातल्या कित्येक कुंड्यांची भोकं नुसती उमटवलेली असतात, फोडलेली नसतात. उलटी करून बोट घालून बघा. मातीच्या कुंडीला भोक पाडताना ड्रिलला मेसनरी बिट, हॅमर मोड बंद, वरून पाण्याची धार.

पश्चिमेची बाल्कनी म्हणजे समुद्रावरचा वारा थेट. दोन-तीन दिवस पाऊस थांबून वारा सुटला की पानांवर खारटपणा बसतो, काठ जळतात. एक फवारा गोड्या पाण्याचा मारा.
हिरवी जाळी पाऊस अडवत नाही. ती फक्त थेंब फोडते. पारदर्शक पत्रा पुढे अजून दोन फूट वाढवता आला तर निम्मा प्रश्न सुटला.

माळी_पेडणे
जास्वंदीला पावसाळ्यात पिठ्या ढेकूण कमी असतो, पावसाने धुतला जातो. खरा त्रास उघडीप आणि ऑक्टोबरमध्ये. पण शेंड्यात कापूस दिसला की आधी हुमले (लाल मुंग्या) बघा. तेच ढेकणाला पाळतात, गोड रस खातात. बुंध्याला चिकटपट्टी गुंडाळून त्यावर एरंडेल-ग्रीस, म्हणजे चढत नाहीत. मग शेंडा कापून पेटवा, कंपोस्टमध्ये टाकू नका. बाकीच्यावर निंबोळी अर्क १,५०० पीपीएम, ५ मिली लिटरला. आधी थोड्या कोमट पाण्यात एक मिली साबण टाकून घुसळून दुधाळ करा, मगच लिटरभर पाणी. नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटचे फवारे पान जाळतात.

मोगऱ्याला जुलै-ऑगस्टात खत, छाटणी काही नको. छाटणी हिवाळ्यात. पावसाच्या सरींवर पानंच येतात.

तुळशीकट्टा
तुळशीबद्दल लोक भाग्य, दोष काय काय बोलतात, पण पावसात तुळस मरण्याचं मुख्य कारण वृंदावन. सिमेंटच्या वृंदावनांना निम्म्यांत भोकच नसतं. अंगणात पागोळ्यांच्या रांगेत ठेवलेलं असेल तर दिवसाकाठी बादलीभर पाणी, जाणार कुठे?
तळाला १० मिमीचं भोक, दोन बाजूंना. शिवाय नवीन सिमेंटचा चुना मातीत झिरपतो. नवीन वृंदावन असेल तर पाणी भरून, ओतून, असं पाच-सहा वेळा करा, मगच माती. पागोळ्यांपासून दोन हात सरकवा, किंवा त्या जागी नळीची पन्हळ लावा.

मंजिऱ्या हिरव्या असतानाच खुडा, नाहीतर झाड बी धरायला बसतं आणि सुकतं. पानांवर मागून करड्या-जांभळट बुरशीची लव दिसली तर तो केवडा रोग, ती रोपं वेगळी करा, फांद्यांत हवा खेळू द्या. पानं आकसून वळली आणि खाली काळे ठिपके दिसले तर तो जाळीपंखी ढेकूण. नखाएवढाही नसतो, पान उलटं करून उजेडात धरलं तरच दिसतो. साबणाचं पाणी दोन-तीनदा पुरे. पूजेच्या तुळशीवर रासायनिक काही मारू नका, पानं तोंडात जातात.

चवथीआधी एक बी-रोप तयार ठेवा, ऑगस्टपर्यंत जुनं गेलं तरी कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नाला नवीन उभं असतं.

घरातला_कोपरा
आतली झाडं मी बघते. पावसात लोकांचं चुकतं ते पाण्याच्या वेळापत्रकात. जूनपासून उजेड निम्म्यावर येतो, हवेत ओल ८५ ते ९० टक्के, कुंडी सुकतच नाही. "दर रविवारी पाणी" हे मार्चपर्यंत ठीक.

जुलैत स्नेक प्लांट, झीझीला २० ते २५ दिवसांनी, तेही काडी घालून. बांबूची पातळ काडी चार इंच खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काळपट ओल लागली तर थांबा, कोरडी आली तर पाणी. मनी प्लांटला वरचे दोन इंच कोरडे झाले की. हाताने वरची माती चाचपून फसायला होतं, कारण वर कोरडं दिसतं आणि तळ चिंब असतो.
झीझीचे कंद बटाट्यासारखे पाणी धरतात, म्हणून मिश्रणात खडे निम्मे. पान पिवळं पडून अलगद ओढल्यावर निघून आलं तर कंद सडलाय.

कुंडीतून काळ्या बारीक माश्या उडत असतील तर त्यांच्या अळ्या ओल्या कोकोपीटवर वाढतात. वरची ३ ते ४ सेंमी माती पूर्ण सुकू द्या, पिवळा चिकट कागद मातीलगत आडवा ठेवा. नाही थांबल्या तर बीटीआय, म्हणजे डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तेच, पाण्यात कालवून, आठवड्याच्या अंतराने तीनदा.

एसीच्या झोतासमोर ठेवू नका. आणि भिंतीपासून चार बोटं दूर. भिंतीला ओल असेल तर पानांमागे बुरशी येते, मग आपण पानाला दोष देतो.

वाळपई_रानवारा
डेंड्रोबियम: सोडणाच्या तुकड्यांत लावलं असेल तर जूनआधी काढा. सोडण पाणी धरतं, एका पावसाळ्यात कुजतं, मुळं तपकिरी होतात. कोळशाचे सुपारीएवढे तुकडे २ भाग आणि मंगळुरी कौलाचे तुकडे १ भाग, जाळीच्या प्लास्टिक कुंडीत. कौलाचे तुकडे आधी २४ तास भिजवून धुवा.
कुंडी तिरकी टांगा, शेंड्यात पाणी साचू नये. विशेषतः व्हँडा, फॅलेनोप्सिस घेतली तर. मधल्या कोंबात पाणी राहून रात्र गेली की बुंध्याला काळा डाग, दोन दिवसांत कोंब हातात येतो. साचलं तर कागदाने टिपून घ्या.
रानातलं सीतेची वेणी हे ऑर्किड तोडून आणू नका. अभयारण्यातून काढणं गुन्हा आहे, आणि झाडाच्या सालीला चिकटलेलं मूळ सोलून काढलं की क्वचितच जगतं.

अबोलीचो_वळेसर
गोगलगायींवर कोणीतरी बोला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून अबोलीची रोपं बुडासकट साफ.

कुळागर_फोंडा
मीठ शिंपडू नका, माती खारट होते. रात्री आठ-नऊ नंतर टॉर्च घेऊन फिरा, चिमट्याने उचला, मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हातमोजे घाला. मोठ्या आफ्रिकी गोगलगायींत माणसाच्या मेंदूला त्रास देणारा कृमी असू शकतो, उघड्या हाताने धरून मग तोंडाला लावू नये. पालेभाजी नीट धुवा.

सापळा: ओल्या गोणपाटाखाली पपईची पानं किंवा कोबीची सालं, संध्याकाळी ठेवायची, सकाळी उचलायची. कुंड्यांखाली लाकडी फळ्या, फुटकी कौलं टाकून ठेवू नका, दिवसा ती तिथेच लपतात. कुंडीच्या काठाला तांब्याची पट्टी, निदान एक इंच रुंद, पण हिरवट पडली की घासावी लागते.
गोळ्या वापरायच्याच तर आयर्न फॉस्फेटच्या. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी, आणि पावसात विरघळून निकामी.

चिरेबंदी
खताचं राहिलं. सप्टेंबरपर्यंत नत्र, पालाश, मॅग्नेशियम धुऊन जातं, पण कोसळत्या पावसात वरून खत म्हणजे गटाराला खत. आठवडाभर उघडीप आली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत), लिटरला २ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, ओल्या मातीवर. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट २ ग्रॅम लिटरला, पानांवर.

आपल्या मातीचा सामू (पीएच) बहुधा ५ ते ६. मेमध्ये १२ इंची कुंडीला डोलोमाइट १५ ते २० ग्रॅम मिसळलं की बहुतेकांना बरं. अनंत, एक्झोरा, हायड्रेंजिया यांना नाही, त्यांना आंबटपणाच हवा. एकदा विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करून माती तपासून घ्या, जुने गोव्यात एला इथे किनारी शेतीची केंद्रीय संस्थाही आहे. तपासणी न करता दरवर्षी चुना घालत राहिलात तर लोह अडतं आणि नवीन पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसतात.

सांतिनेज_तिसरा_मजला
माती बदलायची तर मोगऱ्याचा गड्डा मोडायचा का? जुनी मुळं तळाला चिकटलेली आहेत.

चिरेबंदी
पूर्ण मोडू नका. गड्डा काढा, बाहेरची आणि तळाची एक-दीड इंच माती बोटांनी किंवा काडीने खरवडा, गोल फिरलेली मुळं कापा, तीन-चार ठिकाणी उभी चीर द्या. एक इंच मोठ्या कुंडीत, भोवती नवीन मिश्रण, काडीने दाबून पोकळी भरा. आधीच्या दिवशी पाणी द्या म्हणजे गड्डा सुटतो. काम २० मेच्या आत, नंतर आठवडाभर सावली.

ऑक्टोबरमध्ये उलट काळजी घ्या. ढग हटले की तेच ऊन एकदम पानांवर येतं, चार महिने अंधुक उजेडात वाढलेली पानं करपतात. आधी दहा दिवस सकाळचंच ऊन. वरची शेवाळलेली अर्धा इंच माती खरवडून काढा, तिथे दोन मुठी गांडूळखत, आणि पाण्याच्या खेपा हळूहळू वाढवा. बशी त्यावेळी पुन्हा लावली तरी चालेल.